दोन्ही सर्व्हर बंद, तरी चकली चालू

ऐका, हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा, पण वागळे इस्टेटच्या आमच्या ऑफिसात कोणी विचारलं तर तुम्ही मला ओळखत नाही.

त्याचं काय झालं, मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिलेला. एकदम हलका. त्याला सर्व्हरचा पत्ता द्यावाच लागत नाही. सुरू झाला की नेटवर्कवर नुसती हाक मारतो, "अमुक गटातलं कोणी आहे का रे?" जो सर्व्हर आधी ओ देईल त्याच्याकडे काम सोपवतो. तो बंद पडला की परत हाक. मला स्वतःचं इतकं कौतुक की डोंबिवलीला घरी आईलाही समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ओळख ना पाळख, ओ देईल त्याच्या घरात शिरायचं?"

आईला काय कळतंय, म्हणून मी हसलो.

शहाडजवळ एका फरसाणाच्या कारखान्यात डेमो होता. मालक विनायकराव, शांत माणूस. त्यांच्या ऑर्डरी आमच्याच कंपनीने पूर्वी बसवलेल्या एका जुन्या सर्व्हरवर चालायच्या. आता त्यांना दोन नवे सर्व्हर घ्यायला पटवायचं होतं. पटले तर नवी टीम माझ्या हाताखाली देते, असं आमच्या मॅडमनी कबूल केलेलं.

मी दोन लॅपटॉप मांडले. हे माझे दोन सर्व्हर. ऑर्डर टाकायला तिसरा, आणि तिन्ही कारखान्याच्याच नेटवर्कवर जोडलेले. नमुन्याची ऑर्डर टाकली: चकली, पाचशे पाकिटं, शीळफाट्याचं दुकान, आजच्या आज. गेली झटकन.

"आता बघा हं काका," म्हणत मी एक लॅपटॉप बंद केला. परत ऑर्डर टाकली. गेली.

विनायकराव पुढे सरकले. "आणि दुसरापण बंद केला तर?"

"मग काय, काम थांबणार." मी तोही बंद केला आणि ऑर्डर टाकली.

तीही गेली.

आता तुम्हीच सांगा, घरातले सगळे गावाला गेलेत आणि स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली, तर काय वाटेल? भीती नाही वाटली मला, खरं सांगतो. नुसतं कुतूहल. आत आहे तरी कोण? बंद केलेले दोन्ही लॅपटॉप उलटे करून बघितले, त्यांच्या वायरी काढून बघितल्या. शेवेची ऑर्डर टाकली, गेली. लाडवांची टाकली, तीही गेली. समोर गिऱ्हाईक बसलंय हेच मी विसरलेलो.

"हे कसं काय होतं?" विनायकरावांनी विचारलं.

"आहे एक टेक्निक," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात पॅकिंग सांभाळणाऱ्या शकूताई दारात आल्या. "मालक, शीळफाट्याला लग्नबिग्न आहे का कोणाचं? टेम्पो भरायला घेतलाय, पण चकली पुरत नाही. आता तर लाडूपण आलेत."

मी घाईघाईने प्रोग्रॅमची सेटिंगची फाइल उघडली. आमच्या ऑफिसात नवीन काम सुरू करताना जुन्या कामाचीच फाइल कॉपी करायची आणि हाकेतल्या गटाचं नाव बदलायचं, अशी रीत आहे. मी याच कारखान्याच्या जुन्या कामाची कॉपी केलेली. नाव बदलायचं राहिलेलं. पलीकडच्या खोलीतला जुना सर्व्हर पहिल्या हाकेपासून सगळ्यांच्या आधी ओ देत होता, आणि माझी एकूण एक ऑर्डर खरी समजून पॅकिंगला पाठवत होता.

सगळं खरं सांगून टाकलं. टेम्पो थांबवला. विनायकराव रागावले नाहीत, हनुवटी खाजवत राहिले.

"म्हणजे तुमचे दोन्ही नवे बंद असले तरी आमचा जुना सगळं करतो?"

"हो."

"मग नवीन कशाला घ्यायचे?"

मी लॅपटॉपच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. इतकी वर्षं डेमो देतोय, पण गिऱ्हाइकाला एवढं पुरेपूर पटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.