स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर

आमच्या यजमानांना पिस्तूल हवं होतं, आणि तेही कुणाला दिसणार नाही असं. ऐंशीच्या दशकातल्या रत्नागिरीत पिस्तूल बाळगणारा माणूस म्हणजे एक तर पोलिसातला साहेब, नाही तर सिनेमातला. आमचे हे दोन्ही नव्हते. ठेकेदार होते, तेही लहानसे. अलोऱ्याच्या आणि पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतींतली गटारं, डागडुजी, रंगरंगोटी अशी कामं घ्यायचे आणि दर शनिवारी माणसांचा पगार कातडी पिशवीत घालून जीपने घेऊन जायचे. रस्ता लांबचा आणि मध्ये बराचसा निर्मनुष्य. त्यांच्याच ओळखीच्या एका ठेकेदाराला त्या बाजूला चोरांनी झाड आडवं टाकून थांबवलं. पिशवी गेली, आणि पिशवी लवकर सोडली नाही म्हणून उजव्या हाताची दोन बोटंही गेली. तो आमच्याकडे आला तेव्हा चहाचा कप त्याने डाव्या हाताने उचलला. यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी परवान्याच्या मागे लागले.

परवाना मिळेपर्यंत बऱ्याच चपला झिजल्या. मिळाला, तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली. घ्यायचं कुठलं?

दुकान कोल्हापुरात. अंबाबाईच्या दर्शनाचं निमित्त करून मीही गेले, कारण घरात येणारी सून आणि घरात येणारं हत्यार, दोन्ही आधी डोळ्यांनी बघावं असं माझं मत. परदेशातून नवा माल यायचा बंद झाला होता. दुकानात होतं ते सगळं जुनं, कुणाच्या तरी कमरेवरून उतरलेलं. दुकानदाराने काचेवर फडकं अंथरून त्यावर दोन वस्तू ठेवल्या.

एक विलायती पिस्तूल. चपटं, छोटं, काळंभोर, पानतंबाखूच्या चंचीएवढं. त्याला खटका होता, तो लावला की चाप हलत नसे. दुकानदाराने मागच्या अंगणात नेऊन वाळूच्या पोत्यावर ते झाडून दाखवलं. जितक्यांदा चाप ओढला तितक्यांदा बार निघाला. त्याच्या किमतीत स्कूटर आली असती.

दुसरं रिव्हॉल्व्हर, स्पेनमधलं. जाडजूड, फुगीर, मुठीवरचं लाकूड घासून पिवळं पडलेलं. ते आमच्या रत्नागिरीतल्याच एका जंगल ठेकेदाराचं. तो वारल्यावर त्याच्या बायकोने विकायला ठेवलेलं, आणि ती मागत होती ती किंमत इतकी कमी की मला तिथेच शंका यायला हवी होती.

"ह्यात काय खोट आहे?" मी विचारलं.

"खोट कसली वहिनी? चाप जरा जड हाय. आन कधीमधी घोडा हलका पडतोय, मग रुसतंय. दुसऱ्यांदा दाबायचं, वाजतंय की. शिवाय जुनी काडतुसं फुकट देतो बघा."

फुकट हा शब्द आमच्या यजमानांच्या कानाला फार गोड लागायचा. मी मात्र घरी आल्यापासून विलायतीची बाजू धरून बसले. म्हटलं, बाळगायचंच तर धड बाळगा. समोर कोयता घेऊन माणूस उभा असताना तुमचं रुसलं, तर त्याची समजूत घालत बसणार का? शिवाय विलायती सफारीखाली लपतं, ते जाडजूड लपत नाही. हे म्हणायचे, मी ते वापरणार थोडाच आहे, धाक म्हणून असायचं. धाकासाठी एवढे पैसे? चार महिने आमच्या घरात हाच विषय. भात वाढताना, कपडे वाळत घालताना, पाहुण्यांसमोर खुणांनी. मी हट्टाला पेटले होते. मला वाटत होतं की मी त्यांच्या जिवासाठी भांडते आहे, आणि तसंच होतं ते.

शेवटी यांनी आमच्याकडचा रिवाज केला. गावी जाऊन देवाला कौल लावला.

आमचं गाव संगमेश्वराकडचं. लग्न जुळवायचं, विहीर खणायची, म्हैस घ्यायची, सगळ्याला गावच्या देवाचा कौल. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी कुठल्या बाजूची पडते त्यावरून उत्तर ओळखायचं. बंदुकीसाठी कौल लावल्याचं गुरवाने कधी ऐकलं नव्हतं, पण देवाला काहीही विचारता येतं. यांनी ठरवलं, उजवी पाकळी विलायती, डावी स्वस्तातलं.

गाऱ्हाणं झालं. आम्ही हात जोडून बसलो. पाकळ्या जागच्या हलेनात. समईत तेल घातलं, पुन्हा गाऱ्हाणं झालं. बाहेर सड्याच्या माळावरून गुरं परतायला लागली तरी देव गप्प.

गुरव म्हणाला, "देव बोलत नाय. सवाल फिरवा. दोनांतला कुठला, ह्या इचारू नका. घेऊ काय नको, ता इचारा."

"घ्यायचं तर ठरलेलं आहे," हे म्हणाले.

"तुमी ठरवलात. देवान खंय ठरवलान?"

यांनी ऐकलं नाही. आणि मी? मीही म्हटलं, आलोच आहोत तर निकाल लागू दे एकदाचा. दोघांनाही आपापल्या बाजूची पाकळी पडायला हवी होती. तेवढ्यात गाभाऱ्यात वारा आला की यांचाच उसासा लागला कोण जाणे, डावी पाकळी सुटली. मी मनातल्या मनात देवाशीही भांडले.

रिव्हॉल्व्हर घरी आलं. शिंप्याकडे सफारी सैल करायला टाकली तर त्याने सरळ विचारलं, "पोटाला जागा ठेवू की कमरेला?" लपवून बाळगायचं हत्यार आठ दिवसांत सगळ्या बाजाराला ठाऊक झालं. लोक नमस्कार करताना यांच्या तोंडाकडे न बघता कमरेकडे बघत. मी हसत असे. तेव्हा हसू येत होतं.

मग एके दिवशी मासळीबाजारात, बांगड्याचा वाटा घेत असताना, एक बाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. पांढऱ्या कपाळाची, उंच. डाव्या हातातली पिशवी तिने उजव्या हाताने काढून खाली ठेवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचा डावा हात खांद्यातून उचलत नाही.

"ता तुमच्याकडे आलाय ना गो?" ती म्हणाली. मला कळलं, ही त्या जंगल ठेकेदाराची बायको.

मी हो म्हटलं. ती कोळणीच्या टोपलीकडे बघत बोलत राहिली. "आमच्यांनी वर्षानुवर्षं कमरेला लावलान. चोर नाय, दरोडा नाय, कोण कोण म्हणून आला नाय. एकदाच झाडलान. मी विहिरीवरनं मागल्या दारानी आत येत होते. आवाज नाय केला मी, कळशी होती ना कमरेवर." तिने पदर सारला नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. "लोकांना सांगितलान, पडली म्हणून. मीपण तेच सांगितलं."

"मग तुम्ही ते खाडीत का टाकलं नाहीत?"

"नंबर असतो गो त्याच्यावर. सरकार इचारतं खंय गेला. म्हणून विकलं, मिळंल त्या किमतीला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू घरात शिरताना आवाज देत जा हां बाय. बांगड्या वाजव."

बांगडे न घेताच मी घरी आले. दारात पाय ठेवण्याआधी मी खाकरले. आपल्याच घरात शिरताना मी आयुष्यात पहिल्यांदा खाकरले, आणि आतून यांचा आवाज आला, "कोण?" पूर्वी हे असं कधी विचारत नसत. पूर्वी आमचं दार सताड उघडं असे, आणि कुणीही आलं तरी हे आतूनच "या, या" म्हणत. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की यांची खुर्चीही हललेली आहे. खिडकीशी असायची, ती आता भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून होती. कधी हलवली, कुणालाच कळलं नव्हतं.

मी त्यांना बाईची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तो माणूस दारू प्यायचा." मी म्हटलं, तुम्ही नाही पीत, तरी परत करा. ते म्हणाले, शनिवारी पिशवी घेऊन तू जातेस का? कपबशी डाव्या हाताने उचलणारा माणूस मलाही आठवत होता.

तेव्हापासून मला घराची भीती वाटू लागली. रस्त्यावरच्या चोरांची नाही, घराची. मी मुलीला शिकवलं, आत येताना मोठ्याने "आई, मी आले" म्हणायचं. ती दहा वर्षांची. दोन दिवस म्हणाली, मग विसरली. मी पायांत छुमछुमणारे पैंजण घालायला लावले तर मैत्रिणी हसतात म्हणून तिने काढून टाकले. कारण सांगायची सोय नव्हती. बापाची भीती बाळग असं स्वतःच्या मुलीला कुठली आई सांगेल? मी नुसती दारं वाजवत, भांडी आपटत हिंडायचे. शेजारणीला वाटलं आमचं भांडण झालंय.

पावसाळ्यातला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशीच्या पगाराची पिशवी घरात आलेली. चहाची वेळ, पण बाहेर असं काळोखून आलं होतं की घरातलं काही दिसेना, त्यात वीज गेलेली. हे माजघरात खुर्चीवर बसलेले. मी स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवत होते. पावसामुळे शाळा लवकर सोडली होती, ते आम्हांला ठाऊक नव्हतं. मुलगी मागच्या दाराने आली. चपला पडवीत काढल्या, छत्री ठेवली, आणि बाबांना दचकवायचं म्हणून पाय न वाजवता माजघरात गेली.

मी वळले ती स्टोव्हच्या उजेडात तिची सावली पुढे सरकताना बघून. इतके दिवस आरडाओरडा करणारी मी, नेमकी तेव्हा मुकी झाले. यांचा हात कमरेवरून वर आला, आणि त्या काळोखात एक आवाज झाला. खट्.

एवढाच. मुलगी खदखदून हसली. "आई गं, बाबा घाबरले! आणि बॅटरी लागलीच नाही त्यांची!"

यांनी हात तसाच खाली नेला. मी मुलीला ओढून स्वयंपाकघरात आणलं आणि तिचं ओलं डोकं पुसत बसले. किती वेळ पुसत होते कोण जाणे, शेवटी तीच म्हणाली, "आई, दुखतंय."

सोमवारी आम्ही कोल्हापूरला गेलो. मी मुद्दाम बरोबर गेले, वाटेत यांचं मन फिरेल म्हणून. दुकानदाराने रिव्हॉल्व्हर उघडून काडतुसं तळहातावर ओतली. त्यातल्या एकाच्या बुडाला घोडा आपटल्याचा बारीक खळगा पडलेला होता. त्याने तो अंगठ्याने चाचपला आणि यांच्याकडे पाहिलं.

"परत घेतो की," तो म्हणाला. "पण आधी चालतंय का बघाय पाहिजे." आणि तेच काडतूस त्याने पुन्हा भरलं. आम्ही त्याच्यामागून अंगणात गेलो. त्याने वाळूच्या पोत्यावर नेम धरला आणि चाप ओढला.

पहिल्याच दाबाला बार निघाला. पोतं फाटलं, वाळू भसाभसा खाली आली. परसातले कावळे उडाले.

"नंबरी माल हाय साहेब," तो खुशीत म्हणाला. "आन ते विलायती अजून आहे बरं का. नेताय?"

हे तिथल्या ओट्यावर बसले ते उठेनात. दुकानदाराने पाणी आणून दिलं.

परत येताना आंबा घाटात यांनी जीप कडेला घेतली. धुकं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं. स्टिअरिंग धरूनच म्हणाले, "तुझं ऐकलं असतं मी, तर?"

त्यानंतर कित्येक रात्री अंथरुणात मी स्वतःशी वाद घालायचे, की विलायतीला खटका होता, तो लावलेला असता, चाप हललाच नसता. पण मी या माणसाला ओळखत होते. भिंतीला पाठ लावून बसणारा माणूस खटका लावून बसत नाही. आणि ते पिस्तूल कधी रुसत नव्हतं. म्हणूनच तर मी चार महिने भांडले होते.

यांनी पुढे गावी जाऊन देवाला नारळ दिला, शनिवारची पिशवी दोन माणसं बरोबर घेऊन न्यायला लागले, आणि पुन्हा कधी आडवं झाड कुणाला भेटलं नाही. हे आता नाहीत. मुलगी सुट्टीत पोरांना घेऊन येते, चपला पडवीत काढते आणि पाय न वाजवता माजघरातून आत येते. तिला माझी गंमत वाटते, की मी दरवेळी उभीच असते, आणि ती समोर आल्याशिवाय श्वास सोडत नाही. हा नवरा माझं एक म्हणून ऐकत नाही, असं मी जन्मभर साऱ्या जगाला सांगत आले. त्या न ऐकण्यावर माझी मुलगी जिवंत आहे. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.