भांडणाचा तास

आमच्या शाळेची घंटा रेल्वे वाजवायची. सकाळची सोलापूरकडची पॅसेंजर शिट्टी देऊन निघाली की आप्पा चष्मा पुसत म्हणायचे, "चला, गणित सुटलं." बारामतीची गाडी आली की गणित संपायचं. ती उशिरा आली तर गणितही लांबायचं, आणि ती बहुतेक उशिराच यायची. भागाकारात माझा हात बसला, त्याचं सगळं श्रेय बारामतीच्या गाडीला.

आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. दौंडला रेल्वेत गार्ड होते. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा निवृत्त होऊन एकटेच राहत होते. माझ्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशन होऊन तब्येत सुधारेपर्यंत गर्दी नको, धावपळ नको, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं. वडील शिरूरजवळच्या कारखान्यात पाळ्या करायचे, आईच्या मांडीवर तान्हा भाऊ. दौंडहून मला पुण्याला नेणं-आणणं सोपं, म्हणून नव्वदीच्या त्या वर्षांत मी आप्पांकडे राहिले. घरी बसून शिकणारं पोर म्हणजे एकतर आजारी नाहीतर मठ्ठ, असं शेजारी समजायचे. मी आजारी होतेच. मठ्ठ ठरू नये एवढी काळजी आप्पांनी घेतली.

तिसरीची पुस्तकं आणल्यावर त्यांनी ती आधी स्वतः वाचून काढली. मराठी आणि गणित पसंत पडलं. इंग्रजीचं पुस्तक लेचंपेचं वाटलं, म्हणून रेल्वेच्या क्वार्टर्समधल्या इंग्रजी शाळेच्या एका मुलीचं जुनं पुस्तक मागून आणलं. भूगोल मात्र थेट कपाटावर गेला. "मनमाडपासनं सोलापुरापत्तोर मी सोता बघितलंय. हे पुस्तक लिवनारं कवा उतरल्यात तिथं?" मग भूगोल तोंडी सुरू झाला. कुठल्या स्टेशनाच्या अलीकडे कांदा दिसतो, कुठे ऊस, कुठे नुसतं माळरान, हे मला अजून पाठ आहे.

दोन विषयांच्या मध्ये मला डोळे मिटून बसावं लागे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, तो हिशोब त्यांनी माझ्या डोक्याला लावला होता. "गणितावरनं मराठीवर जायाचं म्हंजी इंजान फिरवाय लागतं. बस जरा गप."

वेळापत्रकात मधली सुट्टीही होती. मीच हट्ट धरून घालून घेतली होती. आप्पा डब्यात पोळीभाजी भरून द्यायचे आणि मी तो डबा घेऊन ओट्यावर जाऊन बसायची. ते मात्र आतच थांबायचे. "सुट्टीत मास्तर पोरांत बसत न्हाई," म्हणायचे. त्यामुळे मी बाहेर एकटी जेवायची आणि ते आत एकटे. रस्त्यावरून क्वार्टर्समधल्या मुली एकमेकींच्या वेण्या ओढत जायच्या. त्या वळेपर्यंत मी घास हातात धरून बघत राहायची. फार एकटं वाटायचं.

एकदा त्यातली एक मुलगी ओट्यावर आली, माझी खडूची पेटी तिला आवडली आणि ती घेऊन चालू लागली. मी तिला झाकणही नेऊन दिलं. आप्पा दारातून बघत होते. त्या दिवशी दुपारचे सगळे विषय रद्द झाले.

"आगं, वरडायचं तरी!"

"तिला हवी होती, आप्पा."

"आन् तुला?"

आप्पांनी सगळी पुस्तकं पुन्हा चाळली, कपाटावरचा भूगोलसुद्धा खाली काढला. "यात कुठंच न्हाई हे," असं पुटपुटले आणि वेळापत्रकात शनिवारच्या रकान्यात लिहिलं, भांडण.

तेव्हापासून दर शनिवारी ते माझी पेन्सिल हिसकावून घ्यायचे. "दे म्हन! डोळं वटार!" मी म्हणायची, "राहू द्या ना आप्पा, माझ्याकडे दुसरी आहे." ते कपाळावर हात मारून घ्यायचे. वर्षभर त्या विषयात मी नापास होत राहिले.

पुढे ऑपरेशन झालं. चौथीचं वर्ष सरत आलं तेव्हा, आता शाळेत घाला, असं डॉक्टरच म्हणाले. वडील न्यायला आले. आप्पा म्हणाले, "आजून वरीसभर ऱ्हाऊ द्या. कच्ची हाय."

"मामा, चौथीचं सगळं येतं तिला. मग कच्ची कशात?"

आप्पा चष्मा पुसू लागले. एवढ्या पोरांत ही चिरडून जाईल ही भीती खरीच होती. पण मी गेल्यावर ते घर त्यांना खायला उठेल, हेही मला त्या वयात दिसत होतं. तरीही मी पाय आपटला.

"मला जायचंय!"

"न्हाई म्हनलं ना."

"मी जाणारच! मला मुलींमध्ये बसायचंय! तुमच्याजवळ बसून बसून म्हातारी झाले मी!"

वडिलांनी हात उगारला. आप्पांनी तो वरच्या वर धरला. "थांबा, पाव्हणं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "परत म्हन."

"म्हातारी झाले!" मी रडत ओरडले.

आप्पा हसले. खूप वेळ हसले, मग पंच्यानं डोळे पुसले. "जमलं की गं. जावा घिऊन हिला."

जूनमध्ये मी शिरूरच्या शाळेत पाचवीत बसले. पहिल्याच आठवड्यात खिडकीजवळच्या बाकावर एका मुलीनं माझं दप्तर खाली ढकललं. मी डोळे वटारले, ओरडले, तिला सरकवून बसले. साऱ्या वर्गानं पाहिलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा वडील पाळीवर गेले होते, आई भावाला भरवत होती. ही गोष्ट सांगावी असं एकच माणूस होतं, आणि ते तिकडे दौंडला एकटंच जेवायला बसलं असणार.