बूट काढायचे राहिले

ऑफिसातून दमून कोथरूडला घरी पोचलो, भिजलेले बूट दाराशी काढले आणि त्या कुबट वासाने जैसलमेरजवळचं एक अंगण आठवलं. सोलरच्या कामावर असताना मी तिथे एका आजीबाईंकडे भाड्याने राहायचो. जूनच्या सुरुवातीलाच पाऊस आला, तसा मी पुण्याच्या सवयीने दोरीवरचे कपडे काढायला धावलो, शेणामातीच्या बुटांसकट, आजींनी ढग बघून झाडून ठेवलेल्या अंगणातून. त्या अंगणातलं पावसाचं पाणी टाक्यात, म्हणजे जमिनीखालच्या हौदात, उतरायचं. वर्षभर तेच प्यायचं. घाण आत जाऊ नये म्हणून आजींनी टाक्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला, पाणी सगळं बाहेर वाहून जाऊ दिलं आणि म्हणाल्या, “कपडे काय, उन्हात परत वाळले असते.” दहा मिनिटांत पाऊस थांबला, तो पुन्हा आलाच नाही. महिन्याने मी निघालो तेव्हा तळाशी उरलेल्या गेल्या वर्षीच्या पाण्याने त्यांनी माझी बाटली भरून दिली. बूट अजून दाराशीच आहेत. उचलावेसे वाटत नाहीत.