प्लॉट सतराची एकशे चौऱ्याऐंशी फुलं

एकेहार्ट टिम्पे माग्डेबुर्गच्या मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली होती. घडीची लाकडी मोजपट्टी मात्र अजून त्यांच्या उजव्या खिशात कामावर हजर असे. शहराबाहेरच्या 'संध्याशांती' या भाड्यानं दिलेल्या बागांच्या वसाहतीत सोळा नंबरचा प्लॉट त्यांचा होता, आणि उरलेल्या एकसष्ट प्लॉटांवर त्यांचं लक्ष होतं. पाहणी समितीचे ते अध्यक्ष. कुंपणाचं झुडूप सव्वा मीटरच्या वर गेलं, दुपारच्या एक ते तीनच्या विश्रांतीत कोणाची कात्री वाजली, किमान एक तृतीयांश जमिनीत खाण्याजोगं काही पिकत नसलं, किंवा गवतात डँडेलियनचं पिवळं तण उगवलं, की टिम्पेंचं पत्र यायचं. पत्र अतिशय सभ्य असे. वाचताना दात दिसत नसत, चावा तेवढा कळे.

घरात त्यांची सत्ता ओटिलीपर्यंत मात्र पोचत नसे. ओटिली म्हणजे त्यांच्या बायकोचं, रोझविथाचं कासव. दर नोव्हेंबरात रोझविथा तिला वाळक्या पानांच्या खोक्यात घालून तळघरातल्या जुन्या फ्रिजमध्ये पाच अंशांवर हिवाळी झोपेसाठी ठेवायची आणि मार्चात उठवायची. या खेपेला झोपवलं तिनंच. जानेवारीत ती स्वतः गेली, आणि उठवायचं काम टिम्पेंकडे आलं. फ्रिजच्या दारावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती: पंधरा मार्चला बाहेर काढणे. कोमट पाण्याची आंघोळ. घाई करू नये. शेवटची ओळ कासवाला उद्देशून नाही, हे टिम्पेंना कळलं.

ओटिली उठली, न्हाली, पाणी प्यायली, आणि जेवायला मात्र राजी होईना. टिम्पे रोज साडेबाराला तिच्यासमोर बाजारातलं उत्तम लेट्यूस दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन कापून मांडत. ती एका चौकोनाकडे बघायची, मग टिम्पेंकडे, आणि मान आत घ्यायची. ही नजर टिम्पेंच्या ओळखीची होती. पण रोझविथा असं बघून निदान जेवायची तरी. पाच आठवड्यांत वजन चौदाशे साठ ग्रॅमवरून तेराशे एकाहत्तरवर आलं. टिम्पेंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलेख लावला. आलेख अचूक होता; रोज एक ठिपका खाली जायचा. रोझविथाच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं, रक्त तपासलं. आजार सापडला नाही. गरम दिवा लावा, आंघोळ चालू ठेवा, लेट्यूस बंद करा, म्हणाल्या, आणि डँडेलियन द्या, फवारा न मारलेला. आमच्या भागात डँडेलियन नाही, असं टिम्पे सवयीच्या अभिमानानं म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

तीन दिवस त्यांनी शोध घेतला. रस्त्याकडेला होती ती कुत्र्यांनी पावन केलेली. वसाहत लख्ख होती, त्यांच्याच वीस वर्षांच्या कष्टानं. अपवाद एकच, त्यांच्या लागूनचा प्लॉट सतरा: ट्राम चालवून निवृत्त झालेल्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, याबुश यांचा. आठच दिवसांपूर्वी टिम्पेंनी तिथं पत्र धाडलं होतं की डँडेलियनची १८४ फुलं आढळली, पाहणीपर्यंत हटवावीत, नाहीतर प्लॉट काढून घेण्याचा विचार करावा लागेल.

दुपारी दीड वाजता, सगळे विश्रांती घेत असताना, टिम्पे फळांच्या खोक्यात ओटिलीला घेऊन सतराच्या फाटकाशी उभे राहिले आणि हलक्या आवाजात दोन-चार फुलं मागितली. रीतसर पावती देतो, असंही म्हणाले.

"घ्या की. तुमच्या हिशेबानं एकशे चौऱ्याऐंशी आहेत," फ्राउ याबुश म्हणाल्या. "मी मोजली नाहीत. तुमच्यावर विश्वास आहे. रोझविथा रोज टोपलीभर न्यायची. तेवीस वर्षं. पावती मागायचं सुचलंच नाही बघा."

टिम्पेंनी मधल्या कुंपणाकडे पाहिलं. ते त्यांनी सव्वा मीटरच्या वर कधी जाऊ दिलं नव्हतं. टोपली द्यायला-घ्यायला अगदी सोयीची उंची होती.

"मला ती कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत? अहो, तुमच्या पत्रांना उत्तरंसुद्धा तीच सांगायची, मी नुसती लिहायची. नियमांची कलमं तिला तोंडपाठ."

टिम्पेंना ती उत्तरं आठवली. त्यांनी ती वेगळ्या फाइलीत जपली होती. ट्रामवाल्या बाईंचं म्हणणं चूक आहे पण मांडणी शिस्तीची, असं ते एकदा जेवताना म्हणाले होते. रोझविथानं त्यांना बटाटे वाढले होते.

ओटिलीला गवतात ठेवून त्यांनी एक फूल खुडलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. मान आत गेली.

"हात मागे घ्या, टिम्पेसाहेब. असं कोणी डोक्यावर उभं राहिलं तर मलासुद्धा घास जायचा नाही. इकडे बाकावर बसा. आणि घड्याळ बघू नका."

बराच वेळ काही झालं नाही. मग ओटिलीनं मान बाहेर काढली, चार पावलं टाकली, एका उभ्या फुलावर पाय देऊन ते आडवं केलं आणि तोडलं. चावली, थांबली, दुसऱ्याकडे वळली. टिम्पेंनी मोजपट्टी काढली, उघडली, पुन्हा घडी घातली. मोजण्यासारखं काही सापडेना.

शनिवारी समितीचे तिघे पाहणीला निघाले. सतराच्या फाटकाशी एका सभासदानं नोटिशीचा विषय काढला. टिम्पेंनी पिवळ्या भागाची लांबी-रुंदी घेतली आणि वहीत लिहिलं: चाऱ्याचं पीक, एक तृतीयांशाहून जास्त, हरकत नाही. सभासद म्हणाला, हे तर तण आहे. टिम्पे म्हणाले, खाल्लं जातं ते पीक, आणि कोणी खावं हे नियमात लिहिलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी सतराच्या उत्तरात हाच मुद्दा आला होता, आणि त्यांनीच तो फेटाळला होता.

मग तिघे सोळाकडे वळले. हिरवळ गालिच्यासारखी होती. खाण्याजोगं एक पान नव्हतं. सभासद आकाशाकडे बघू लागले. टिम्पेंनी आपल्याच फाटकाशी वहीचं नवं पान उलटलं आणि आपल्याच नावानं पहिली नोटीस लिहायला घेतली.

कुंपणापलीकडून फ्राउ याबुश म्हणाल्या, "उत्तर लिहायला मदत लागली तर सांगा. कलमं थोडीफार मलाही आठवतात."