जिवंत आत्याचा तेरावा

माझ्या आत्याचा तेरावा मी जेवले आहे. तेव्हा आत्या पंचवीस वर्षांची होती, तब्येतीने ठणठणीत होती आणि मनमाडला एका शाळेत शिकवत होती. तिने रेल्वेतल्या एका कारकुनाशी रजिस्टर लग्न केलं होतं. कारकून बौद्ध होता. आजोबांनी दोन्ही मुलांना, म्हणजे माझ्या वडिलांना आणि धाकट्या काकांना, गोदावरीवर नेऊन मुंडण करायला लावलं आणि विंचूरजवळच्या आमच्या गावात पंगत घातली. मी सात वर्षांची होते. बुंदी मी दोनदा मागून घेतली.

आजोबांचं मी सोडून देते. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, जग पाहिलं ते कांद्याच्या लिलावापुरतं. मला किळस येते ती वडिलांची. वडील एम.ए., बी.एड., हायस्कूलचे मुख्याध्यापक. दर चौदा एप्रिलला ते शाळेत समतेवर पाऊण तास बोलत. मी त्याच शाळेत शिकले, त्यामुळे ते भाषण मला पाठ आहे. भाषण संपलं की त्यांचे डोळे खरोखर पाणावलेले असत. आणि दिवाळीत आत्याचं पत्र आलं की हाच माणूस ते न उघडता चार तुकडे करून टोपलीत टाकी. आई तुकडे उचलायला जाई, तेव्हा पाठीमागचा पत्ता मी वाचत असे. पुढे मी नाशिकला नोकरीला लागले, कामानिमित्त मनमाडवरून कितीदा गेले-आले. पत्ता तोंडपाठ होता. एकदाही उतरले नाही. तेव्हा मलाही यातून वगळायचं कारण नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांना शेताचा रस्त्याकडचा तुकडा गोदामासाठी विकायचा होता. घेणाऱ्याच्या वकिलाने सातबारा पाहिला आणि विचारलं, हे तिसरं नाव कोणाचं? आजोबा गेल्यावर तलाठ्याने वारस म्हणून तिन्ही भावंडांची नावं लावून टाकली होती. गावजेवण घालून मारलेली बाई सरकारी कागदावर जिवंत होती. आता तिच्या हक्कसोडपत्रावाचून व्यवहार पुढे सरकेना.

मग घरात आत्याचं नाव निघू लागलं. काका म्हणाले, "शेवटी रक्ताचं नातं हाय." वडील म्हणाले, "काळ बदलला आहे." एका रविवारी सकाळी दोघं माझ्या गाडीत बसले. काकांनी येताना साडी आणली होती.

आत्याचं घर बैठं, स्वच्छ, दारात जास्वंद. मधल्या खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी मुलीचा पदवी घेतानाचा फोटो. आत्याचे यजमान निवृत्त झालेले. त्यांनीच दार उघडलं, "या" म्हणाले आणि ट्रेमध्ये पाणी घेऊन आले. वडिलांनी काकांकडे पाहिलं, काकांनी पेल्याकडे. मग दोघांनी एका दमात पाणी पिऊन टाकलं. बत्तीस वर्षं जपलेला बाट उतरायला एवढाच वेळ लागला. पाठोपाठ पोहे आले. काकांनी पुन्हा घेतले आणि म्हणाले, "दाजी, पोहे एक नंबर झालेत." हा 'दाजी' शब्द त्यांनी वाटेत गाडीत बसूनच तयार केला असावा.

खाणं झाल्यावर वडिलांनी पिशवीतून कागद काढले. आत्याने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचले. घडी घालून परत दिले.

"दादा, आई गेली तेव्हा मला कळवलं का नाही?" तिने विचारलं. "मला पंधरा दिवसांनी बाजारात भाजीवालीकडून कळलं."

वडील म्हणाले, "तेव्हा परिस्थिती वेगळी होती."

"मी इतकी वर्षं मनाची समजूत घालत आले," आत्या म्हणाली. आवाज वर्गात धडा समजावून सांगावा तसा. "वाटायचं, तुमचं काहीतरी तत्त्व असेल. चुकीचं असेल, पण असेल. माझ्या घरचं पाणी पिणं तुम्हाला जमणारच नसेल. आज तुम्ही पाणी प्यालात, पोहे दोनदा घेतलेत. इतकं सोपं होतं, तर आईला एकदा तरी आणायचं होतं."

यजमान उठून आत गेले.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आणि ती साडी घेऊन जा."

परतताना काका म्हणाले, "शेवटी जात दाखवलीच तिनं." तिची आणि आमची जात जन्माने एकच आहे, हे ना त्यांना सुचलं, ना मुख्याध्यापकांना. वडील खिडकीबाहेर पाहत राहिले. मी गाडी चालवत राहिले.

आत्याने मोजणी करून हिस्सा वेगळा काढून घेतला आणि गावातल्या बौद्ध वस्तीतल्या एका नवरा-बायकोला कसायला दिला. नेमका रस्त्याकडचा तुकडा तिच्या वाट्याला आला. आता काकांना रोज बांधावर त्यांना आधी रामराम घालावा लागतो, कारण विहिरीचं पाणी सामाईक आहे.

गेल्या वर्षी काकांच्या मुलाचं लग्न झालं. मुलीकडच्यांना मोठं घराणं दाखवायचं होतं, म्हणून पत्रिकेत आत्याचंही नाव छापलं. आडनाव मात्र माहेरचं. नवऱ्याचं नाव कुठेच नाही. पत्रिका पोस्टाने मनमाडला गेली, तशी तिचा मला फोन आला. हा आयुष्यातला तिचा मला पहिला फोन.

"या नावाची बाई इथे राहत नाही, एवढं काकाला सांग," ती म्हणाली. मग विचारलं, "तू कशी आहेस?"

मी "बरी आहे" म्हटलं. काकांना निरोप दिला नाही. लग्नाला मात्र गेले, मांडवात करवली म्हणून मिरवले, आणि आत्या का आली नाही असं कोणी विचारलं की सांगत होते, तिचे गुडघे दुखतात.