फोटोतली भुई

मन्मथअप्पा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शिवलीलाने, सकाळी सव्वासातला केला. "काका, अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. वर्तमानपत्रात उभी हयात काढलेला माणूस मी... कधी, कुठे, कशाने हे विचारलं आणि समोरच्या कागदावर लिहून घेतलं. धाराशिव, पहाटे, हृदयविकार, वय त्रेसष्ट. लिहून झाल्यावर लक्षात आलं की ही बातमी मला कुणालाच द्यायची नव्हती. असं काही कळलं की मी ज्यांच्याकडे जाऊन सांगत असे, ते अप्पाच होते. त्याच दुपारी बेंबळीच्या शेतात, पत्नी महानंदाबाईंच्या समाधीशेजारी, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. त्याला आता दहा आठवडे झाले.

अप्पा घरांचे नकाशे काढत. पूर्वी कागदावर, नंतर कॉम्प्युटरवर. बांधायच्या आधी घर सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवता येतं असं सॉफ्टवेअर त्यांनी पन्नाशीत शिकून घेतलं होतं. त्यात घराखालची जमीन तयार मिळते, सपाट आणि हिरवीगार. बाकीचे तीच ठेवतात, गिऱ्हाइकाला ती आवडते. अप्पा ती आधी पुसून टाकत. त्या जागेचा आकाशातून काढलेला फोटो मिळवत आणि तो जमीन म्हणून खाली अंथरत. मग जागेवर जाऊन फोटोत दिसणाऱ्या दोन खुणांमधलं, म्हणजे विहिरीच्या कठड्यापासून बांधावरच्या झाडापर्यंतचं वगैरे, अंतर टेपने मोजत आणि तेवढंच अंतर पडद्यावर भरेपर्यंत फोटो ताणत. यात दोन-तीन दिवस जात. ईट गावच्या एका गृहस्थाने घरापुढे हिरवळ दाखवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा अप्पांनी त्याला विचारलं होतं, पाणी कितव्या दिवशी येतं तुमच्याकडं? गृहस्थ हसला आणि मुरमाच्या भुईवरचं घर घेऊन गेला. फोटो जुना असेल तर अप्पा काम थांबवत. भुई काल होती तशी आज नसते, असं ते प्रत्येकाला ऐकवत.

महानंदाबाई गेल्यावर अप्पांनी भाड्याचं घर सोडलं आणि ऑफिसच्या मागच्या खोलीत मुक्काम हलवला. मी निवृत्त झालो होतो, घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. पाच ते सात मी त्यांच्याकडे बसत असे. ते काम करत, मी पेपर वाचत असे. फार बोलणं नसे. शिवलीला बेंबळीजवळच्या शाळेत शिक्षिका आहे, तिथेच भाड्याने राहते. तिला शेतात घर बांधायचं होतं आणि त्यात वडिलांना आणायचं होतं. एकट्याने चहा-बिस्किटावर दिवस काढणं तिला बघवत नव्हतं. नकाशा अर्थात अप्पाच काढणार होते. जागाही तिने ठरवली होती, रस्त्याच्या अंगाला, बोअरजवळ. इतरांची घरं पंधरा दिवसांत उभी करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मुलीच्या घराला दीड वर्ष लावलं. घर कधी पूर्वेच्या बांधाला चिकटे, कधी पार ओढ्याकडे जाई. प्रत्येक वेळी कारण वेगळं असे... वारा, ऊन, पाण्याचा उतार.

एका संध्याकाळी ते चहा आणायला बाहेर गेले होते आणि पडद्यावर शेत उघडं होतं. समाधी कुठे आहे ते मला माहीत होतं. फोटोत ती नव्हती. ते परत आल्यावर मी म्हणालो की फोटो जुना दिसतोय. ते खुर्चीत बसले, बोअरजवळची जागा मोठी केली आणि पडद्यावर बोट ठेवलं. एक तांबडा चौकोन होता, त्याच्या कडेला काळा ठिपका.

"मिरच्या वाळू घातल्यात," अप्पा म्हणाले. "ताडपत्री सात बाय पाचची हाय, मोजली म्या. आन् ही शिवलीलाची आई. सावली बघा, सकाळचे धा वाजले असतील."

मी म्हणालो, आम्ही जुना फोटो छापला तर खाली 'संग्रहित' असं लिहितो.

"मग लिहा की," ते म्हणाले आणि चहा ओतू लागले.

शिवलीलाला हे मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. तिने दिवाळीत येऊन वडिलांना सरळ विचारलं. मी तिथेच होतो.

"अप्पा, तुमाला यायचंच न्हाय का माझ्याकडं? तसं सांगा. मी घराचं नाव काढणार न्हाय."

ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "करतो. झालंच." ती जेवायला न थांबता बस पकडायला गेली. त्यानंतर तिने घराचा विषय काढला नाही, आणि महिनाभराने अप्पा वारले.

माती दिल्यानंतर आठवड्याने तिने मला ऑफिसवर बोलावलं. कॉम्प्युटर तिला उघडता येत होता, पण एकटीने उघडवत नव्हता. शेताच्या फायली सतरा होत्या. शेवटची ते वारले त्याच्या दोन दिवस आधीची. तिच्यात भुई बदललेली होती. फोटो ताजा होता, समाधी स्पष्ट दिसत होती, तांबडा चौकोन नव्हता. घर शिवलीलाने सांगितलेल्याच जागी उभं होतं, फक्त सहा फूट मागे. एका खोलीवर 'मन्मथ' असं लिहिलं होतं आणि आत पलंग मांडला होता. शिवलीलाचं लक्ष आधी त्या खोलीच्या खिडकीकडे गेलं. इतर खिडक्या जमिनीपासून तीन फुटांवर होत्या, ही दीड. चुकलं असेल, ती म्हणाली. या सॉफ्टवेअरमध्ये माणसाची नजर कुठून कुठे जाईल ते ठरवून साठवता येतं. अप्पांनी एकच देखावा साठवला होता. मी तो उघडला. नजर पलंगाच्या उशाशी होती, आडव्या माणसाच्या डोळ्यांइतकी खाली. समोर ती बुटकी खिडकी, आणि तिच्यातून बोअरजवळची सहा फूट सोडलेली मोकळी जागा, मिरच्यांच्या ताडपत्रीची. शिवलीलाला तेव्हा मी ठिपक्याबद्दल सांगितलं. तिने जुन्या फायली उघडून तो पाहिला. मग म्हणाली, "म्हंजी येणार हुते."

आता भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. गेल्या रविवारी मी बेंबळीला गेलो तेव्हा मिस्त्री तिला समजावत होता की खिडकी लई खाली धरलीय, शेळ्या आत उड्या मारतील, दोन थर चढवतो. ती म्हणाली, "अप्पांनी दीड लिहिलंय. दीडच ठेवा." तो पाणी प्यायला गेला आणि मी त्या खोलीत शिरलो. छत नाही, फरशी नाही, मुरमाची भरणी आहे. पलंगाची जागा अंदाजाने धरून मी खाली बसलो आणि चौकटीतून पाहिलं. पलीकडे बोअरचा पाइप होता आणि थोडी मोकळी भुई. तिच्यावर ऊन होतं. पाच वाजले, अप्पांकडे जायची वेळ झाली, तरी मी तिथेच बसून होतो.