मला डीक्यू मिळाला

चहा घ्या, बिस्किटं घ्या आणि मग हसायचं तेवढं हसा. ही फजिती मी अजून बाहेर कुणाला सांगितलेली नाही. घरच्यांना आणि मंडळातल्या दोन कुटुंबांना माहितीय, कारण तिचा शेवट त्यांच्यासमोरच झाला.

मी वेल्समध्ये, कार्डिफला, कौन्सिलमध्ये म्हणजे इथल्या महापालिकेत हेल्थ अँड सेफ्टीला आहे. कुणी वायर आडवी सोडली, फायर डोअरला खुर्ची लावली, की मी तिथे उगवलेच म्हणून समजा. आमची मुलगी मैत्री वेगळी राहायला गेली, तेव्हा तिच्या फ्लॅटवर गेल्या गेल्या मी आधी स्मोक अलार्मचं बटण दाबून पाहिलं आणि मग घर छान आहे म्हणाले. त्यानंतर तिने मला कुठे बोलावणंच बंद केलं. आता यात तिचं तरी काय चुकलं?

म्हणून गेल्या वर्षी तिचा फोन आला, "आई, माझ्याबरोबर येशील? पिस्तूल शूटिंगला," तेव्हा मी आधी गार पडले आणि मग लगेच हो म्हणाले. तिने बोलावलं होतं ना!

इथे सामान्य माणसाला खरं पिस्तूल ठेवता येत नाही. म्हणून ही मंडळी गॅसवरची पिस्तुलं वापरतात. गोळ्या प्लॅस्टिकच्या, पांढऱ्या, थेट साबुदाण्यासारख्या. नियम मात्र सगळे खऱ्या पिस्तुलाचे. नळी कायम समोर. बोट ट्रिगरपासून लांब. स्पर्धेचा ऑफिसर सांगेपर्यंत पिस्तूल रिकामं आणि कमरेच्या होल्स्टरमध्ये. मग बीप वाजला की जागा बदलत बदलत एकेक टार्गेट टिपायचं. नेमही मोजतात आणि वेळही. आणि स्पर्धेत उतरायच्या आधी सेफ्टीचा कोर्स सक्तीचा.

सेफ्टीचा कोर्स! अहो, मला आणखी काय हवं होतं?

कोर्स घेणारा गॅरेथ म्हणजे पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा वेल्श माणूस. त्याने एक सांगावं आणि मी दोन विचारावेत. माझं बोट एकदाही ट्रिगरकडे गेलं नाही. शेवटी शेवटी तो हॉलच्या टोकाचं एक टेबल दाखवून काहीतरी समजावत होता. भिंतीला लागून टेबल आणि वर मोठा बोर्ड, 'सेफ्टी एरिया'. नेमकं तेव्हा माझं लक्ष फायर एक्झिटकडे गेलं. कुणीतरी आपली भलीमोठी बॅग दाराला टेकवून ठेवलेली. आता मला राहवेल का? हळूच गेले, बॅग बाजूला केली आणि तिथल्या तिथे अग्निशामकाची तारीखही बघून घेतली. परत आले तर गॅरेथ विचारत होता, कुणाला काही शंका? मी म्हटलं, अजिबात नाही.

तो सगळ्यांसमोर म्हणाला की सुजाताचा हात सगळ्यात व्यवस्थित आहे. मैत्रीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, झालं, पोरगी परत मिळाली.

स्पर्धेच्या दिवशी ती तिच्या गटात गेली. जाताना तिच्या त्या इथेच वाढलेल्या मराठीत एवढंच म्हणाली, "आई, गॅरेथ जे सांगेल तेच कर. स्वतःचा डोकं नको लावू."

मी बॅग घेऊन सेफ्टी एरियात गेले. भिंतीकडे नळी ठेवून पिस्तूल काढलं, होल्स्टरमध्ये सरकवलं. इथपर्यंत बरोबर हं. मग विचार केला, गोळ्यांचं मॅगझिनही भरून घ्यावं. हॉलमध्ये माणसांची गर्दी, आणि इथे एवढं ऐसपैस टेबल, समोर भिंत, वर बोर्ड. यापेक्षा सेफ जागा कोणती? मी गोळ्यांची स्टीलची डबी उघडली आणि भरायला बसले. निम्म्या सांडल्या, टेबलभर पळाल्या. वाटलं, उद्या खिचडी करायचीय.

गॅरेथ आला आणि त्याने विचारलं, या गोळ्या तुझ्या का? हो म्हटलं. इथेच भरल्यास? मी मान ताठ करून सांगितलं, "अर्थात. मी बोर्ड वाचल्याशिवाय काहीच करत नाही."

त्याने एकदा बोर्डाकडे पाहिलं. माझ्याकडून मॅगझिन रिकामं करून घेतलं, पिस्तूल तपासलं आणि म्हणाला, "सॉरी, लव्ह. दॅट्स अ डीक्यू."

तुम्ही म्हणाल, तिथेच कळायला हवं होतं. पण या देशात लोक आपल्यासाठी दार धरतात आणि वर सॉरीही म्हणतात, लव्हही म्हणतात. आणि कौन्सिलमध्ये दर आठवड्याला एक नवा शॉर्टफॉर्म निघतो, सगळ्यांचे अर्थ कोण विचारत बसतो? मी विचारलं, म्हणजे मी आज शूट नाही करायचं? तो म्हणाला, नाही, आता पिस्तूल बॅगेत ठेव, चहा घे, बाकीच्यांचं बघ. आणि चक्क हात मिळवला.

चहा दिला, हात मिळवला आणि नेम न बघताच सोडलं. माझ्या डोक्याने हिशेब जुळवला: डायरेक्ट क्वालिफाइड.

मी लगेच नवऱ्याला फोन लावला. मिलिंदने तो आनंद आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'जय भीम, अभिनंदन ताई' सुरू झालं. कुणीतरी तर वाघाचा फोटो टाकला.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण शेजारी बेथन नावाची एक नवखी बाई बसली होती, बिचारी पुन्हा पुन्हा आपली बॅग उघडून बघत होती. मी तिला धीर दिला. म्हटलं, मला बघ, एकही गोळी न झाडता डीक्यू मिळाला. तूपण त्या बोर्डाखाली जा आणि नीट मॅगझिन भर.

ती उठलीसुद्धा. टेबलाजवळ पोचली, मॅगझिन काढणार एवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकावरून गॅरेथचा आवाज आला. तो हळू बोलणारा माणूस एवढा मोठ्याने ओरडू शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं. बेथन वाचली. तिला कुणी पाठवलं, असं त्याने विचारलं आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मैत्री आली. मला बाजूला घेऊन अगदी हळू म्हणाली, "आई, डीक्यू म्हणजे डिसक्वालिफाइड. त्या टेबलावर रिकामा पिस्तूल चालतो, गोळ्या नाही चालत. एक पण नाही. म्हणून तर तो सेफ आहे. गॅरेथने कोर्समध्ये सांगितला होता."

कुठल्या वेळी सांगितलं होतं ते मला बरोबर आठवलं.

मी बेथनची माफी मागितली. उरलेला वेळ कुणालाही काहीही न सुचवता बसून काढला, हे माझ्यासाठी नवीनच होतं. परतताना गाडी मैत्री चालवत होती. शेवटी मीच म्हटलं, तुला लाज वाटत असेल तर मी नाही येणार परत. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "गॅरेथ म्हणाला, तिला पुढच्या महिन्यात घेऊन ये. कोर्स परत करायचा. या वेळी पूर्ण."

आणि मग तिला हसू आवरेना. मलाही.

मिलिंदला फोन करून खरं सांगायचं धैर्य मात्र मला झालं नाही. त्याचं फळ घरी मिळालं. दार उघडलं तर मंडळातली दोन कुटुंबं सोफ्यावर बसलेली, आणि टेबलावर केक. केकवर क्रीमने लिहिलेलं, डीक्यू.

टाळ्या झाल्या. मिलिंदने सगळ्यांसमोर विचारलं, "मग? कितवी आली आई?"

मी तोंड उघडायच्या आधीच मैत्री म्हणाली, "पहिला आला, बाबा. सगळ्यांच्या आधी बाहेर."

व्याकरण चुकलं होतं. माहिती अगदी बरोबर होती.